जुनं वाफेचं मॉडेल इंजिन चालता चालता पुन्हा पुन्हा का थांबतं

लक्षण असं. माळ्यावर सापडलेलं किंवा भंगारवाल्याकडून आणलेलं जुनं वाफेचं छोटं इंजिन तुम्ही साफ केलं, तेल दिलं, पाणी भरलं, दिवा लावला. वाफ धरल्यावर चाकाला बोटाने झटका दिला आणि इंजिन सुरू झालं. तीन-चार मिनिटं सुरेख चाललं. मग सिलिंडरच्या बाजूने गरम पाण्याचे शिंतोडे उडू लागले, गती उतरली, आणि बॉयलरमध्ये वाफ शिल्लक असतानाच चाक थांबलं. सिलिंडर काढून घासला, तेलाचे दोन थेंब दिले, की पुन्हा चालतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दर घासणीनंतर ते आधीपेक्षा थोडं लवकर थांबतं, हे लक्षात यायला मात्र वेळ लागतो.

कोल्हापुरात अशी इंजिनं वाटतात त्याहून जास्त घरांत आहेत. १९३७ पासून इंग्लंडात निघणारी मॅमॉड, जर्मनीची विलेस्को, शिवाय उद्यमनगरातल्या, म्हणजे इथल्या लहान कारखान्यांच्या वस्तीतल्या, कुणा हौशी माणसाने लेथवर स्वतः कातलेली बिननावाची. जे गाव शाहू मिलच्या भोंग्यावर उठलं-बसलं आणि जिथे १८९१ साली मिरजेकडून आगगाडी आली, तिथे वाफेची ओढ असणारच. दुरुस्तीचा पहिला विचार मात्र सगळीकडे एकच असतो: सिलिंडर घासा. माझं सांगणं त्याच्या उलट आहे. हा दोष दिसतो सिलिंडरपाशी, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा बॉयलरच्या आत असतं. तिथे इलाज न करता घासत राहिलात, तर इतकी वर्षं टिकलेला सिलिंडर तुमच्या हातून संपेल.

वाफ कुठे निसटते

या लहान इंजिनांत बहुतेकदा झुलता सिलिंडर असतो, वेगळे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या सपाट पाठीत एक भोक असतं. ती पाठ एका पितळी ठोकळ्याला टेकलेली असते आणि ठोकळ्यात दोन भोकं असतात. एकातून बॉयलरची वाफ येते, दुसऱ्यातून वापरलेली वाफ बाहेर पडते. क्रँक फिरेल तसा सिलिंडर आपल्या खुंटीवर डावी-उजवीकडे झुलतो आणि त्याचं भोक आळीपाळीने या दोन्ही भोकांसमोर येतं. मधलं अंतर चाक आपल्या वेगावर काढतं. दोन्ही पाठी एकमेकींना चिकटवून ठेवण्याचं काम खुंटीवरची छोटी स्प्रिंग करते.

म्हणजे सगळी मदार दोन सपाट पितळी पृष्ठांवर आणि त्यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरावर. तेल आहे तोवर वाफ अडते. तेल धुऊन गेलं की कोरडं पितळ पितळावर घासतं, बारीक चरे पडतात आणि वाफ आडवी निसटते. इथे दाबच मुळात साधारण एक ते दीड बार असतो. त्यातला थोडा जरी वाया गेला तरी दट्ट्या (पिस्टन) ढकलायला काही उरत नाही.

आता खरा प्रश्न: तेल धुतं कोण? बॉयलरमधून वाफेबरोबर उडून येणारं पाणी. ते उडण्याची कारणं तीन. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं असतं, आग गरजेपेक्षा मोठी असते, किंवा पाण्याला आतल्या आत फेस येत असतो. पहिली दोन कारणं कुणीही सांगतं आणि ती चटकन सुधारतात. दोष वारंवार परत येतो तो तिसऱ्यामुळे.

फेस येतो कारण बॉयलरमध्ये तेल गेलेलं असतं. कुणी ते मुद्दाम घालत नाही. दिवा विझवून इंजिन तसंच ठेवलं की बॉयलर थंड होतो, आतली वाफ पाणी होऊन आक्रसते आणि आत निर्वात तयार होतो. तो निर्वात सिलिंडरकडच्या नळीतून जे मिळेल ते ओढून घेतो: तेल, तेलकट पाणी, घासणीची पेस्ट उरली असेल तर तीही. पुढच्या वेळी हे सगळं उकळतं, फेसाळतं आणि फेसाबरोबर बॉयलरच्या तळाचा क्षार उचलून पुन्हा सिलिंडरमध्ये येतं. क्षाराचे कण तेल धुतलेल्या पाठींच्या मध्ये सापडतात आणि चरे काढतात. तुम्ही चरे घासता, जास्त तेल देता, त्यातलं काही पुन्हा आत ओढलं जातं. चक्र असं फिरत राहतं.

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. परत येणाऱ्या पाण्यात रसाचा अंश मिसळला की मोठा बॉयलरही फेसाळतो आणि वाफेबरोबर पाणी फेकतो. म्हणून तिथे पाण्याची तपासणी हे रोजचं काम असतं. आपल्या पावशेर पाण्याच्या बॉयलरला ती शिस्त कुणी लावत नाही, एवढाच फरक.

पाना हातात घेण्याआधी

जुनं इंजिन पहिल्यांदा पेटवण्याआधी बॉयलरची पाण्याने दाबचाचणी झालीच पाहिजे. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळकाम करणाऱ्यांकडे पाइप तपासण्याचा मीटरवाला हातपंप असतो, तो जोडून कामाच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट दाब द्या आणि दहा मिनिटं थांबा. बॉयलरच्या टोकांची टोपणं फुगतात का, सांध्यातून थेंब येतो का, पाहा. हवेने ही चाचणी कधीही करू नका. पाणी भरलेला बॉयलर फुटला तर भिजाल; दाबलेली हवा फुटली तर पत्र्याचे तुकडे उडतात. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची सात-आठ बारची नळी तर या इंजिनाच्या जवळसुद्धा आणायची नाही.

चाचणी पार पडली की पाणी पाऊण भागापर्यंतच भरा, इंजिन चालवा आणि वापरलेली वाफ बाहेर पडते त्या तोंडाशी स्टीलची स्वच्छ ताटली धरा. पहिला अर्धा मिनिट स्वच्छ पाणी येणारच, कारण गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. इंजिन तापल्यावर पुन्हा ताटली धरा आणि ते थेंब उन्हात वाळू द्या. वाळल्यावर काहीच उरलं नाही, तर बॉयलर निर्दोष आहे, सरळ सिलिंडरकडे जा. पांढरं कडं उरलं आणि त्यावर लिंबू पिळल्यावर बारीक बुडबुडे आले, तर तो क्षार आहे. तपकिरी तेलकट डाग थोडा तरी असणारच, पण तेलकट आणि पांढरं एकत्र दिसलं तर वर सांगितलेलं चक्र तुमच्याकडे सुरू आहे.

त्यानंतर बॉयलर गार करून आतलं पाणी काचेच्या बाटलीत ओता आणि जोरात हलवा. फेस क्षणात बसला तर ठीक. वर थर धरून राहिला तर आत तेल किंवा साबण आहे. ही साधी परीक्षा सगळ्यात जास्त सांगून जाते आणि तीच कुणी करत नाही.

सिलिंडरची वेगळी परीक्षा हवेवर होते. सुरक्षा झडप काढून त्या जागी नळी जोडायची निपल बसवा आणि सायकलच्या पंपाने हलकी हवा द्या. दिवा नाही, उष्णता नाही. पाठींच्या कडेला साबणाचं पाणी लावलं की फट कुठे आहे ते बुडबुडे दाखवतात. हवेवर गार इंजिन नीट चालतं आणि वाफेवर थांबतं, तर दोष पाण्याचा किंवा तेलाचा. हवेवरही अडखळतं, तर यांत्रिक काम बाकी आहे.

बॉयलरची धुलाई

क्रम महत्त्वाचा: आधी तेल, मग क्षार. क्षारावर तेलाचा थर असेल तर आम्ल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तेलासाठी धुण्याचा सोडा कडक पाण्यात विरघळवून बॉयलर भरा, अर्धा तास ठेवा, हलवा, ओता. बाटलीतला फेस बसेपर्यंत हे करत राहा आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर खळबळा. भांड्यांचा साबण आत घालू नका. त्याचा अंश निघता निघत नाही आणि मग फेसाचं एक नवं कारण तुम्हीच आत ठेवता. इंजिनाला ॲल्युमिनिअमचे भाग असतील तर सोडा त्यांच्यावर पडू देऊ नका, तो ॲल्युमिनिअम खातो.

क्षारासाठी लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. पाव लिटर कोमट पाण्याला साधारण १२ ग्रॅम पुरे. बॉयलर भरा आणि भोकं उघडीच ठेवा, कारण क्षार विरघळताना वायू सुटतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ओतून पाहा. पाणी गढूळ आलं तर नवं द्रावण घालून पुन्हा. फसफस थांबली की काम झालं. घाईने रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह टाळा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर, सच्छिद्र, ठिसूळ पत्रा. बॉयलरच्या पत्र्यावर असा गुलाबी डाग आधीपासूनच दिसत असेल, तर तो बॉयलर पेटवू नका, शोभेला ठेवा. आम्लानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा.

बॉयलर जितका जुना, तितका गाळ जास्त निघतो. ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे, त्यांनी त्याच्या तळाशी साचलेले खवले पाहिले असतील. तोच प्रकार इथे असतो, फक्त इथून तो सिलिंडरमध्ये जातो.

कुठलं पाणी

बोअरचं पाणी नको. घरी पाण्याचं यंत्र असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटरही अनेकांकडे असतं; बोअरचं आणि गाळलेलं पाणी शेजारी ठेवून मोजा, फरक आकड्यांतच दिसेल. यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र मूळ पाण्याहून जास्त क्षारांचं असतं, ते चुकूनही भरू नका.

आपल्याकडे उत्तम उपाय जून ते सप्टेंबर आकाशातून पडत असतो. पावसाचा पहिला जोर ओसरून हवा आणि छप्पर धुऊन निघालं की उघड्यावर प्लॅस्टिकची बादली ठेवा, पाणी कापडातून गाळून कॅनमध्ये भरून ठेवा. वर्षभराच्या इंजिनाला एक कॅन पुरतो. उन्हाळ्यात गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणीही चालतं. मागताना 'डिस्टिल्ड वॉटर' असं स्पष्ट म्हणा आणि कॅनवरची चिठ्ठी वाचा, कारण त्याच दुकानात त्याच आकाराच्या कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं.

आणि दर वेळी चालवून झाल्यावर: दिवा विझला, दाब उतरला, की बॉयलर कोमट असतानाच शिट्टीची तार ओढून किंवा सुरक्षा झडप सैल करून आत हवा जाऊ द्या. निर्वात धरणार नाही, तेल ओढलं जाणार नाही. मग पाणी पूर्ण काढून बॉयलर उघडा ठेवून वाळवा. परत परत येणाऱ्या दोषावर खरा इलाज हा आहे. बाकीची सगळी दुरुस्ती झालेलं नुकसान भरून काढते, एवढंच.

आता सिलिंडर

बॉयलर स्वच्छ झाल्यावरच पाठींना हात लावा. मोटारीचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून दोन्ही पाठी एकमेकींवर फिरवण्याची रीत सर्रास आहे आणि मला ती पूर्णपणे चुकीची वाटते. त्या पेस्टमधले कठीण कण मऊ पितळात रुतून बसतात आणि धुतल्यावरही आत राहून पाठ कापत राहतात. पुढच्या महिन्यातल्या चऱ्यांची सोय तिथेच झालेली असते.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचं म्हटलं तर सिलिंडरची खुंटी आड येते. त्यावर उपाय उद्यमनगरात सोपा आहे. सरफेस ग्राइंडरवर सपाट केलेली जाड पट्टी घ्या, खुंटीपेक्षा बरंच मोठं भोक मध्यभागी पाडून घ्या आणि भोकाच्या कडा मारून घ्या. पट्टीवर १००० नंबरचा पेपर तेवढंच भोक पाडून ठेवा, पाण्याने ओला करा. सिलिंडरच्या पाठीवर मार्करने रेघा मारा, खुंटी भोकात सोडा आणि बोटाचा दाब मधोमध ठेवून लहान वर्तुळात फिरवा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की थांबा. मग २००० नंबर. फक्त कडेच्या रेघा पुसल्या जात असतील तर पाठ मध्ये खोल आहे, अजून थोडं फिरवा. फक्त मधल्या पुसल्या गेल्या तर कुणीतरी आधी हातात धरून घासलेलं आहे आणि कडा गोल झाल्या आहेत. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ठोकळ्याची पाठ छोट्या सपाट पट्टीवर पेपर गुंडाळून तशीच करा. शेवटी दोन्ही भोकं हवेने साफ करा.

दट्ट्याची परीक्षा: तेल लावून दट्ट्या अर्ध्यावर ठेवा, पाठीवरचं भोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या बाहेर ओढा. ओढताना अडलं आणि सोडल्यावर आत परत गेला, तर तो चांगला आहे.

स्प्रिंग बदलताना जास्त कडक स्प्रिंग म्हणजे चांगली, असं समजू नका. ही स्प्रिंग सिलिंडरचा रक्षकही आहे. आत पाणी अडकलं तर पाठ किंचित उचलून ती पाणी बाहेर जाऊ देते. कडक स्प्रिंगने घर्षण वाढतं, इंजिन जड चालतं आणि पाणी अडकलं तर क्रँक वाकतो. चाक हाताने फिरवून सोडल्यावर अलगद काही फेरे मारून थांबावं, इतपत ताण पुरे.

तेलाबाबत: शिलाई मशीनचं तेल क्रँकच्या बेअरिंगला ठीक, पाठींना नाही. वाफेत ते मिनिटभरात निघून जातं. औद्योगिक वंगणाच्या दुकानात ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल मागा. ते मधासारखं जाड असतं आणि ओल्या पितळाला धरून राहतं. त्याचा एक थेंब पाठींमध्ये, एक दट्ट्यावर. गाडीचं गिअर ऑइल जाड असतं म्हणून काही जण वापरतात, पण त्यातल्या काही प्रकारांत गंधकाची द्रव्यं असतात आणि ती गरम पितळाला काळं पाडतात.

झडप आणि आटे

सुरक्षा झडपेची दांडी हाताने वर ओढून सोडल्यावर झटकन बसली पाहिजे. चिकटत असेल तर लिंबूफुलाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून साफ करा. स्प्रिंग गंजलेली असेल तर पूर्ण झडप नवी घ्या. वाफ फुसफुसते म्हणून ती आवळायची नाही, काहीही झालं तरी.

आट्यांवर इथे खास लक्ष द्या, कारण हा धोका डोळ्यांना दिसत नाही. मॅमॉडच्या झडपेचा आटा पाव इंची, इंचाला २६ फेऱ्यांचा असतो. बाजारातल्या साध्या ६ मिलिमीटर बोल्टचा आटा इंचाला २५.४ फेऱ्या पडतो. त्यामुळे तो बोल्ट त्या भोकात छान फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण व्यासाने तो एक तृतीयांश मिलिमीटर लहान असतो आणि आट्याच्या टोकांवरच टेकलेला राहतो. दाब आल्यावर असा बोल्ट सुटून उडू शकतो. विलेस्कोचा आटा ६ मिलिमीटरचाच, पण बारीक: दोन फेऱ्यांत १ ऐवजी ०.७५ मिलिमीटर अंतर. साधा ६ चा बोल्ट जोराने घातलात तर बॉयलरचा आटा जाईल. झडपेखालचा जुना वॉशर काढून टेफ्लॉनचा घाला. फार जुन्या इंजिनात राखाडी धाग्यांचं पॅकिंग दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ओलं करूनच काढा, कोरडं खरवडू नका.

दिव्याबद्दल थोडक्यात. फ्रेंच पॉलिशवाल्यांकडचं स्पिरिट असेल तर लक्षात ठेवा, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही आणि गरम दिव्यात ते ओतायचं नसतं. घन इंधनाच्या टिकिया असतील तर उघड्यावर पेटवा, त्यांचा धूर घशाला आणि डोळ्यांना लागतो. वात इतकीच ठेवा की पाणी खदखदणार नाही.

टोपणाचा सांधा गळत असेल तर

बॉयलरच्या टोपणाला बहुतेकदा कथील-शिशाचा डाख असतो आणि तो सुमारे १८३ अंशांना वितळू लागतो. आत पाणी असेपर्यंत एक बार दाबाला तापमान १२० अंशांच्या आसपास राहतं, घरच्या कुकरमध्ये शिट्टी होताना असतं तितकंच, म्हणून सांधा सुरक्षित असतो. पाणी संपलं आणि दिवा जळत राहिला की तो काही क्षणांत सुटतो. असा सुटलेला सांधा वरून आणखी डाख थापून बंद करू नका. चांदीचा डाख हा त्याहून मजबूत उपाय आहे, पण त्याआधी जुन्या डाखाचा कण न् कण काढावा लागतो, कारण शिशाचा अंश राहिला तर चांदीचा सांधा ठिसूळ होतो. हुपरीकडे किंवा गुजरीत टाकणखार लावून चांदीचं काम करणारे हात आहेत, मात्र बॉयलरचा सांधा दागिन्याच्या सांध्याहून वेगळा असतो: पूर्ण टोपण एकसारखं तापवावं लागतं आणि त्यासाठी मोठी ज्योत लागते. तांब्या-पितळेचं ब्रेझिंग करणाऱ्या माणसाकडेच हे काम द्या. सांधा झाल्यावर गार पाण्याची दाबचाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या. ती पार पडल्याशिवाय दिवा लावायचा नाही.